आकारामतात्यांचा दम

"निवास, ह्यो डोंगर बघ. गवताची काडी तरी दिसती का? आन् आता खाली पाण्यात बघ."

आकारामतात्यांनी तो कागद माझ्या नाकासमोर धरला. आम्ही नुकतेच विहिरीतून वर आलो होतो, अंगावरून पाणी निथळत होतं आणि कागद भिजतोय याची तात्यांना काही फिकीर नव्हती. मन्सूरचाचाच्या खोक्यांच्या दुकानात रद्दीत आलेल्या कुठल्याशा मासिकाचं ते पान. वर उघडेबोडके तांबूस डोंगर, त्यांच्या पायथ्याला निळंशार पाणी, आणि पाण्याच्या आत पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. पाठीवर नळकांडं बांधलेला एक माणूस त्यांच्यात आरामात तरंगत होता.

"झ्याक हाय की," मी डोकं पुसत म्हणालो.

"जायचं."

"कुठं?"

"हितंच. चाचाला इचारलं मी. इजिप्तात हाय म्हणं. लाल समुद्र."

मी हसलो. हसू नको तर काय करू? तासगावच्या अलीकडचं आमचं गाव. तात्या साठीला टेकलेले, थोडी द्राक्षबाग, गोठ्यात दोन म्हशी, आणि सांगलीच्या पलीकडे गेले असतील ते लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. पण तात्या हसले नाहीत. त्यांनी कागद नीट झटकला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि म्हणाले, "तू येतुयास का बोल. न्हाईतर मी आन् मन्सूर जातो."

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. तात्या नाहीत, विहिरीवर जाळी बसलीय, आणि गावातली पोरं पोहायला तालुक्याच्या तरणतलावावर जातात. पण माझ्या पिढीतलं गावातलं झाडून प्रत्येक पोर तात्यांनी पोहायला शिकवलेलं. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधायचे, काठावर उभं करायचे आणि "ती बघ घार" म्हणून वर बघायला लावून ढकलून द्यायचे. आम्ही बोंब मारायचो, तोवर मागोमाग उडी मारून तात्यांनी खालून आम्हाला झेललेलं असायचं. आणि त्यांचा दम! बुडी मारली की नवखा माणूस काठावर वाट बघून बघून घाबरा व्हायचा, "अहो बघा की कुणीतरी" म्हणून ओरडायला लागायचा, तेव्हा कुठं समोरच्या भिंतीपाशी तात्यांचं डोकं वर यायचं. धापसुद्धा नाही. जणू बसल्या जागेवरनं उठले.

मन्सूर मुलाणी म्हणजे आमचे मन्सूरचाचा, तात्यांच्या वर्गातले. दोघांनी शाळा एकाच दिवशी सोडली, असं दोघंही अभिमानानं सांगायचे. चाचांचं द्राक्षांच्या खोक्यांचं दुकान होतं. त्यांचा मामेभाऊ जहीर त्याच लाल समुद्राच्या काठी, दहब नावाच्या गावात, एका हॉटेलात आचारी होता. तेव्हा आमची सगळी आखणी चाचांच्या दुकानात, खोक्यांच्या थप्पीवर बसून झाली.

आखणी कसली, भांडणंच. कारण सहल करायची ती स्वस्तात. तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "एक म्हस इकतो. तेवढ्यात बसलं पायजे. दुसरी इकली तर हौसा मला घरात घ्यायची न्हाई."

"म्हशीवर बसून जा की मग," चाचा म्हणाले. "तिकीट वाचंल."

जहीरला फोन लावला की चाचा स्पीकर चालू करायचे आणि आम्ही तिघं एकदम बोलायचो. जहीरनं मात्र आम्हाला खरं शहाणपण दिलं. म्हणाला, तिथं बोटीची गरजच नाही. काठावरनं चालत चालत पाण्यात शिरायचं, खडक सुरू होतो तिथंच मासे सुरू होतात. बोटीचा खर्च वाचला. हॉटेलाच्या मागं कामगारांच्या खोल्या आहेत, त्यातली एक तो देईल. राहण्याचा वाचला. आणि नळकांडं बांधून बुडी मारायचं शिक्षण तिथं घेऊ नका, महाग पडतं. तुमच्या मालवणात शिका, शिकल्याचं कार्ड घ्या, त्याशिवाय तिथं कुणी खाली नेत नाही, आणि मगच या.

"मराठीतनं शिकवतील त्ये बी," तात्या म्हणाले. "बरं झालं."

"तुला शिकवायचं काय राहिलंय रं आकाराम?" चाचा म्हणाले. "तूच चार गोष्टी शिकवून येशील त्यांना."

मलाही तेच वाटत होतं. काळजी होती ती माझी आणि चाचांची. तात्यांची कुणालाच नव्हती.

तारखा ठरवताना मात्र माझ्या आणि तात्यांच्या बागेनं आम्हाला बांधून ठेवलं. द्राक्षांचा माल उतरल्याशिवाय निघता येत नाही आणि खरड छाटणीच्या, म्हणजे वेलींच्या उन्हाळी छाटणीच्या, आधी परत यायलाच हवं. त्या मधल्या फटीत मालवण बसवायचं, इजिप्त बसवायचं. विमानाची तिकिटं आम्ही चांगली लवकर काढली, म्हणून स्वस्त मिळाली. परत करता येणार नाहीत अशी तिकिटं होती ती. काढताना चाचांनी दोनदा विचारलं, "आकाराम, बघ हां, नंतर मागं फिरता यायचं न्हाई."

"मी कवा फिरलोय मागं?" तात्या म्हणाले.

खाण्यावरून तर आठवडाभर वाद झाला. तिथं बाहेर खायचंच नाही असं ठरलं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि आमच्याच बागेतले बेदाणे. चाचा म्हणाले, "जहीर आचारी हाय तिथं, आन् आपण भडंग खात बसायचं? लाज वाटंल त्याला." एका दुपारी हा वाद अगदी रंगात आलेला असताना दुकानापुढं एक मोटारसायकल थांबली. शेजारच्या गावातले दोघं होते. एकानं टोपी काढून हातात धरली होती.

"तात्या, जरा यायला लागतंय."

तात्यांनी काही विचारलं नाही. उठले, चपला घातल्या आणि त्या दोघांच्या मधे बसून गेले.

आमच्या भागात विहिरीत कुणी गेलं की तात्यांना बोलावणं यायचं. घसरून पडलेलं असो, नाहीतर जीव दिलेला असो. इतर लोक गळ टाकतात. लोखंडी आकडे दोराला बांधून तळ ढवळतात, आणि काय अडकेल ते वर ओढतात. तात्या ते करू द्यायचे नाहीत. "गळ लावू नगा. मी आणतो," म्हणायचे, आणि खाली जाऊन माणसाला दोन्ही हातांत घेऊन वर यायचे. त्या घरचा चहासुद्धा कधी घेतला नाही. परत आले की विहिरीवर अंघोळ, आणि मग तो दिवस कुणाशी एक शब्द नाही. आम्ही पोरं असल्यापासून हे बघत होतो. बघून बघून त्याचं काही वाटेनासं झालं होतं, हेच खरं. पासपोर्टासाठी चौकशीला आलेला हवालदारसुद्धा चहा पीत म्हणाला होता, "तात्यांची काय चौकशी करायची? आमच्यापेक्षा जास्त पंचनामे बघितलेत त्यांनी." आणि आम्ही सगळे हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो तर ते गोठ्यात होते. हौसाकाकू चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. मी हळूच म्हणालो, "काकू, तात्यांनी ह्या वयात हे काय डोक्यात घेतलंय? तुम्ही तरी काही बोला."

"मी कशाला बोलू?" काकू म्हणाल्या. "जाऊ द्या त्यास्नी. लगीन झाल्यापासनं पाण्यातनं येऊन गप बसल्यालं बघतीया मी. एवढ्या हौसेनं पयल्यांदा कुटंतरी निघाल्यात म्हटल्यावर मी न्हाई आडवी यायची. म्हस काय, परत घेता येती."

माल उतरला आणि आम्ही एसटीनं मालवणला गेलो. शिकवणारी होती वैदेही तांडेल. पंचविशीची पोरगी, उन्हानं रापलेली, आवाज असा की लाटांच्या वर ऐकू यावा. तात्या माझ्या कानात कुजबुजले, "ही शिकवणार व्हय मला?" पण तिनं नळकांडं एका हातानं उचलून बोटीत ठेवलं तेव्हा गप्प झाले.

"पहिला नियम," वैदेही म्हणाली. "पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. कधीच म्हणजे कधीच. तोंडातल्या नळीतनं सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा. श्वास रोखून वर आलात तर आतली हवा फुगते आणि छाती फुटते. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे नाही."

तात्यांनी हात वर केला. "बाई, पाण्यात श्वास घेतला तर माणूस मरतंय."

"काका, इथं नाही घेतलात तर मराल."

चाचा एवढे हसले की बोट हलली.

मग आम्ही कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसलो. माझ्या तोंडातून बुडबुडे निघत होते, चाचांच्या तोंडातून तर भांडं उकळल्यासारखे. तात्या शांत बसले होते. पाठ ताठ, डोळे उघडे, हात पुढं. आणि बुडबुडा एक नाही. वैदेहीनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं, छातीवर हात ठेवून खूण केली. तात्यांनी मान डोलावली. बुडबुडा नाही. शेवटी तिनं त्यांना ओढून उभं केलं.

"काका, श्वास!"

"घेतला की."

"कुठं घेतलात? वर असताना घेतलेला तोच घेऊन बसलाय!"

चाचांनी तात्यांच्या नळकांड्याचा काटा बघितला आणि ओरडले, "काटा जागचा हलला न्हाई! निवास, सहल स्वस्तात करायची म्हणून आकारामनं हवा बी वाचवली बघ!"

आम्ही हसलो, तात्याही हसले. पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. जरा खोल नेलं तर तात्या तळाला जायचे आणि तिथं दगडासारखे गप्प व्हायचे. मी त्यांच्यासमोर बसून श्वास घेऊन दाखवायचो, ते माझ्याकडं बघायचे, मान डोलवायचे, आणि छाती हलायची नाही. वर येताना तर वैदेही जिवाच्या आकांतानं त्यांचा पट्टा धरून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मला आणि चाचांना जमलं. तात्यांना नाही. ज्याच्याकडून आम्ही पाणी शिकलो, त्यालाच जमेना.

वैदेही बोटीवर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काका, मी तुम्हाला कार्ड देऊ शकत नाही," ती म्हणाली. "तुमच्यासारखा पोहणारा मी बघितला नाही. पण तुमचा जीव जाईल. माझ्या सहीनं नाही जाऊ देणार मी."

"बराबर हाय तुझं," तात्या म्हणाले. मग आमच्याकडं वळून, "तुमी दोगं जावा. तिकीट काढल्यालं हाय."

"आकाराम, तुझ्यासाठी निघालो रं आम्ही," चाचा म्हणाले. "मला काय करायचंत मासे?"

 तात्या किनाऱ्यावर जाऊन वाळूत बसले. बोटीतून उतरताना त्यांचं ते पान सदऱ्याच्या खिशातून वर आलेलं मला दिसलं. एवढा धिप्पाड माणूस, पण बाजारात हरवलेल्या पोरासारखा बसला होता.

वैदेही चहाचे पेले घेऊन आली. आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो. तिनं एक पेला तात्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "काका, खाली गेल्यावर नेमकं काय होतं? भीती वाटते?"

"भीती कसली?"

"मग?"

तात्यांनी चहा तसाच वाळूत ठेवला. "बाई, मी लई वेळा तळाला गेलोय. हौसेनं न्हवं. बोलवत्यात, जायला लागतंय. खाली अंधार असतोय, हातानं चाचपायचं. मग गावतंय माणूस. कवा बाई, कवा गडी. एकदा तर…" ते थांबले. "बारकं हुतं. आमच्याच गल्लीतलं. मीच पवायला शिकिवणार हुतो त्याला उन्हाळ्यात."

चाचांनी मान खाली घातली.

"आता तू म्हणतीस श्वास घे. घेतला असता. पण तळाला गेलो की वाटतंय, त्ये गप पडल्यालं हाय, त्याला श्वास न्हाई, आन् म्या त्याच्याफुडं कसा घ्यायचा? बरं दिसत न्हाई. इतकी वर्सं न्हाई घेतला. आता छाती ऐकत न्हाई माजी."

 तात्यांनी खिशातलं पान काढून मांडीवर उलगडलं. घडीवर ते आता फाटायला आलं होतं. "ह्ये बघितलं आन् वाटलं, पाण्याच्या तळाला जितं बी काय असतंय तर. म्या कवा बघितलंच न्हाई. एकदा बघावं म्हटलं. तेवढंच हुतं. ऱ्हाऊ द्या."

मी त्या माणसाबरोबर रोज सकाळी पोहायचो. त्यांना मोटारसायकलवर बसून जाताना शेकडो वेळा बघितलं होतं. आणि डोंगराचं ते चित्र त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं तेव्हा मला त्यात नुसते रंगीत मासे दिसले होते. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

वैदेहीनं डोळे पुसले आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, उठा. इथं तळाला कुणी नाही. मी रोज जाते, मला माहीत आहे. आणि आता गप्प नाही जायचं. बोलत जायचं."

"पाण्यात काय बोलू?"

"काहीही. आवाज काढला की श्वास सुटतोच. घरी कुणाशी बोलता सगळ्यात जास्त?"

"म्हशीसंगं," चाचा म्हणाले. "हौसावहिनीशी बोलायची ह्याची टाप हाय का?"

"मग म्हशीला हाक मारा!"

आणि तात्यांनी मारली. कमरेएवढ्या पाण्यात, तोंडात नळी धरून, मान खाली घालून. "हुर्रर्र, हॅ, हॅ, हुर्रर्र…" पाण्याखालून तो आवाज घुमत आला आणि त्याच्याबरोबर बुडबुड्यांचा हा एवढा लोट. चाचा काठावर नाचायला लागले. दुपारपर्यंत तात्या हाका मारत होते. मग हाका गुणगुणण्यावर आल्या, आणि संध्याकाळी नुसता श्वास. वैदेहीनं आम्हाला आणखी काही दिवस ठेवून घेतलं, तिच्या मावशीच्या घरी. तात्यांना रोज खोल नेलं, रोज वर आणलं, आणि तिची खात्री पटली तेव्हाच सही केली. विमानाला अजून दिवस होते; मधे घरी जाऊन करायची छाटणीची तयारी मी फोनवरून पुढं ढकलली. बाग काय, चार दिवस थांबते.

दहबला पोचलो तेव्हा वारा सुटला होता. चित्रातले होते तस्सेच डोंगर, नागडे, तांबूस, आणि त्यांच्या पायाशी समुद्र. जहीरनं आमचं भडंग बघून कपाळाला हात लावला आणि स्वतः रांधलेलं जेवण आमच्यापुढं वाढलं. तात्यांचं लक्ष जेवणात नव्हतं.

सकाळी तिथल्या वाटाड्याबरोबर आम्ही काठावरून चालत पाण्यात शिरलो. तात्या माझ्याशेजारी. खडक संपला आणि पायाखालची जमीन एकदम खोल गेली. मी आधी तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. बुडबुडे निघत होते. मग मी समोर बघितलं. काय सांगू! नारिंगी माशांचा थवाच्या थवा आमच्या तोंडावरून गेला. दगडावर फुलं उगवावीत तशी पोवळी. एक निळा पोपटासारखा मासा खडक कुरतडत होता, त्याची कटकट ऐकू येत होती. आणि त्या सगळ्या गजबजाटात मला ओळखीचा आवाज आला. "हुर्रर्र…" तात्या माशांना हाका मारत होते. घाबरून नाही. लाडानं.

पुढं खडकात एक अंधारी कपार होती. तात्यांनी तिच्यासमोर जाऊन दोन्ही हात पुढं केले, सवयीनं, चाचपायला. मी जवळ सरकलो. कपारीतून एक चिमुकला पट्ट्यांचा मासा बाहेर आला, त्यांच्या बोटांपाशी घुटमळला, आणि बोटांच्या मधून निघून गेला. तात्यांनी हात तसेच धरून ठेवले. मला त्यांच्या छातीची हालचाल दिसत होती. वर, खाली. सावकाश.

वर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून तात्यांनी तोंडावरचं सगळं काढलं. ते आपल्या तळहातांकडं बघत होते. उलटे करून बघितले, पुन्हा सुलटे केले.

"काय झालं तात्या? काही लागलं का?"

"न्हाई रं." त्यांनी तळवे माझ्यापुढं धरले. "चाचपलं, आन् आज पयल्यांदा रिकाम्या हातानं वर आलो."

चाचा मागून पाणी तुडवत आले आणि त्यांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तात्या हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"मन्सूर," ते म्हणाले, "खाली कुणीबी न्हवतं रं. समदी जिती हुती."